डब्यात आहे ना!

मित्रांनो, माझ्या पोटावर अजूनही ‘शुद्ध जवस तेल, १५ किलो’ असं लिहिलेलं आहे. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक पाहुणा मला पाहून तेलाचा भाव विचारतो. मी बाहेरून तेलाचा डबा असलो तरी आतून एक जुना संगणक आहे, हे सांगून सांगून मी थकलो. घरातले फोटो आणि कागद सांभाळून ठेवायचे आणि घरातल्या दुसऱ्या संगणकाने तारेतून मागितले की काढून द्यायचे, हे माझं काम. शिकलेली माणसं अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात. आमच्या घरी मला डबा म्हणतात आणि त्याच मानाने वागवतात.

आमचं घर ब्रह्मपुरीपासून आठ किलोमीटरवर, गावतलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून आहे. घर कवेलूंचं, म्हणजे कौलारू. मनसारामभाऊ आणि कुंताबाई हे घरातले थोरले. मनसारामभाऊ तलावात मासे धरतात आणि गावच्या धिवरांच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आहेत. त्यांचा मुलगा देवानंद ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात संगणकाच्या खोलीत कामाला होता. सून भाग्यश्री घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग करायची आणि पासपोर्ट फोटो काढायची. तिच्याकडे दोन संगणक होते, आणि ते दोन्ही आठवड्यातून एकदा व्हायरस लागून आजारी पडायचे. कुणाचा दाखला गेला, कुणाचा फोटो गेला, की गिऱ्हाईक दारात उभं राहून बोलायचं.

म्हणून दोन हजार चार साली देवानंदने मला बनवलं. त्याच्या हाताशी पैसा फारसा नव्हता, हे माझ्याकडे पाहून कुणालाही कळेल. माझा मुख्य बोर्ड नागपूरच्या जुन्या बाजारातून आला. तो आधी कुठल्याशा ऑफिसच्या खिडकीमागे राबत होता. गरीब स्वभावाचा बोर्ड. वेगात मागे, पण तापत कमी होता आणि त्याला पंखाही लागत नव्हता. पेटीला पैसे उरले नाहीत, म्हणून कुंताबाईंचा रिकामा डबा घेतला, तो उभा कापून त्याला बिजागरी लावली आणि खिळ्याने भोकं पाडली. आतले भाग थरथरू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातून दहा-बारा तास वीज नसायची. मी मात्र एका ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज खायचो, त्यामुळे बॅटरीवर सहज जगायचो. एवढा कमी खाणारा प्राणी या घरात दुसरा नव्हता, याची नोंद कुणी घेतली नाही.

माझ्यात नवीन असं काही असेल तर त्या दोन हार्डडिस्क. त्यांच्यासाठी देवानंदने त्या वर्षी दिवाळीला स्वतःला कपडे घेतले नव्हते. दोघींवर सगळं सारखंच लिहिलं जायचं. जेवताना देवानंद आईवडिलांना समजावून सांगत होता.

“हे पाय माय, जे इच्यात हाय तेच तिच्यात हाय. एक खराब झाली तरी काईच जात नाई.”

“मंग दोन काऊन आनल्या? एकच बरी आनाची होती,” कुंताबाई म्हणाल्या.

देवानंदने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मनसारामभाऊ जेवण संपवून दारात जाळं सांधत बसले होते. पण ते ऐकत होते. त्यांनी ऐकलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. भाग्यश्रीचा संगणक पुन्हा बिघडला, तेव्हा तिने माझ्यातून सगळं पाच मिनिटांत परत घेतलं. त्या दिवशी तिने फडक्याने माझ्या अंगावरची धूळ पुसली. गावात बातमी पसरली की मनसारामच्या घरी असा डबा आहे ज्यात टाकलेली वस्तू हरवत नाही. झालं. त्या दिवसापासून या घराला एक वाईट सवय लागली. फोटो कॅमेऱ्यातून माझ्यात आले की कॅमेरा पुसून मोकळा करायचा. कागद माझ्यात आला की मूळ कागद कुठेही टाकायचा. कुणी काही विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर असायचं, “डब्यात आहे ना!”

आणि ज्याच्यावर एवढा विश्वास, त्याची सेवा कशी होत होती म्हणता? माझं झाकण जरा कोमट राहतं. हिवाळ्यात कुंताबाईंनी त्यावर विरजणाचं भांडं ठेवून पाहिलं आणि दही असं घट्ट लागलं, की पुढे चार महिने मी रात्रंदिवस दही लावत होतो. पावसाळ्यात त्यांनी माझ्यावर सुकसी वाळत घातली. सुकसी म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. तिच्या वासाने मांजर आली आणि तिला ऊब आवडली म्हणून तिने मुक्कामच ठोकला. देवानंद ओरडला की दोन दिवस मांजर, दही आणि मासळी खाली उतरायची. तिसऱ्या दिवशी सगळी मंडळी आपापल्या जागेवर परत यायची.

दोन हजार पाचच्या दिवाळीत माझ्याकडे एक मोठी जबाबदारी आली. तलावाची. गावची चाळीस घरं त्या तलावाच्या मासळीवर जगत होती, आणि तो हक्क सांगणारे जुने बेचाळीस कागद संस्थेच्या लोखंडी पेटीत होते. त्यांतला एक पन्नास वर्षांपूर्वीचा हुकूम होता आणि त्यावर मनसारामभाऊंच्या वडिलांचा अंगठा होता. कागद घडीवर फाटू लागले होते. भाग्यश्रीने एकेक कागद जपून सरळ केला, यंत्रावर ठेवून त्याचं चित्र घेतलं आणि माझ्यात टाकलं. मी बेचाळीसही कागद दोन्ही हार्डडिस्कवर उतरवले. छापून एक प्रत ठेवावी असं तिने सुचवलं होतं, पण शाई महाग होती. “डब्यात आहे ना,” असं म्हणून मनसारामभाऊंनी मूळ कागद पेटीत टाकले आणि पेटी कोपऱ्यात मातीच्या जमिनीवर सरकवली. पेटीचा तळ गंजलेला होता. कोपऱ्यात उधई होती, म्हणजे वाळवी. मला तिथून दोन्ही दिसत होतं, पण मला विचारतो कोण!

त्यानंतर पोरांना संगणक शिकवायला देवानंदची वर्षा-दीड वर्षासाठी सिरोंच्याला बदली झाली. सिरोंचा म्हणजे गोदावरीजवळ, राज्याच्या अगदी टोकाला. एसटीने जायला दिवस मोडतो, म्हणून तो दोन-दोन महिन्यांनी घरी यायचा. जानेवारीत भाग्यश्री बाळंतपणाला माहेरी गेली. घरात उरले मनसारामभाऊ, कुंताबाई, मांजर आणि मी.

अशा वेळी आरमोरीहून लच्छू आला. लच्छू हा कुंताबाईंचा धाकटा भाऊ. तो लग्नांची व्हिडिओ शूटिंग करतो. चहा पिऊन झाल्यावर तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला.

“भाऊजी, तुमच्या डब्यात दोन हार्डडिस्क हायेत ना? एक मले द्या ना. लगनाचा सीजन लागला, माही भरून गेली. सीजन झाला का आनून देतो.”

आता इथे मला या घरची एक रीत सांगितली पाहिजे. जास्तीचं जाळं हे लोक घरात टांगून ठेवत नाहीत. सोयऱ्याने मागितलं की द्यायचं. नाही म्हटलं तर फार वाईट दिसतं. आणि जाळं परत करताना नेणारा त्याला एक मासा बांधून आणतो. मनसारामभाऊंनी आयुष्यात कुणाला जाळं नाकारलेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला. तो विचार मला अजून आठवतो आणि अजून माझं डोकं फिरतं.

“देवानंद सांगत होता, दोघीत एकच हाय म्हने,” ते म्हणाले. “मंग एक रिकामीच लटकून हाय ना? घेऊन जा.”

मित्रांनो, ती रिकामी नव्हती! ती माझ्याबरोबर रात्रंदिवस लिहीत होती. पण लच्छूने बिजागरी उघडली, चालू अंगातून तार उपटली आणि माझी अर्धी स्मृती गमछ्यात गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीत टाकली. देवानंदच्या लक्षात येऊ नये म्हणून मनसारामभाऊंनी रिकाम्या जागी एक कवेलूचा तुकडा कागदात गुंडाळून बसवला. बरोबर मापाचा शोधला होता.

देवानंदने माझ्यात एक सोय करून ठेवली होती. एक हार्डडिस्क गेली की मी दर दहा मिनिटांनी ओरडायचं. मी ओरडलो. मी जीव तोडून ओरडलो.

“अवो, डबा रडून राह्यला,” कुंताबाई घाबरून म्हणाल्या.

“दोघी बहिनीसारख्या होत्या, एक गेली. रडनच ना,” मनसारामभाऊ म्हणाले. “दोन दिवसानं आपसूक राहीन.”

मी ओरडायचा थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी कुंताबाईंनी माझ्यावर लिंबू-मिरची बांधली. पाचव्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं, आवाज येतो तिथे बोट लावून पाहिलं आणि ती बारीक तार ओढून काढली. मग त्यांनी मला थोपटलं. त्यांनी ते मायेने केलं होतं, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर मी मुका झालो. माझ्यावर काय संकट आहे ते सांगायचा माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

फेब्रुवारीत डिंपल झाली. दोन महिन्यांनी भाग्यश्री तिला घेऊन परत आली आणि मग माझ्यात फोटो येऊ लागले. डिंपल पाळण्यात, डिंपल आंघोळ करताना, डिंपलच्या तोंडाला वरणभात. पुढे ती मांजरीची शेपटी धरून उभी राहिली. भिंतीपासून माझ्यापर्यंत ती पहिली चार पावलं चालली, तो फोटोसुद्धा होता. त्यात तिचे दोन्ही हात माझ्या झाकणावर आहेत. भाग्यश्री दर आठवड्याला फोटो माझ्यात टाकायची आणि कॅमेरा रिकामा करायची. मी ते सगळे एकाच हार्डडिस्कवर लिहीत होतो आणि शेजारच्या कवेलूकडे पाहत होतो.

तुम्ही विचाराल, देवानंद मधून मधून येत होता, त्याला कसं कळलं नाही? तोच माझा राग आहे. कुंताबाईंनी मला फुलाफुलांचं कापड शिवून घातलं होतं. त्यातून माझा हिरवा दिवा दिसायचा. तो पाहून देवानंद म्हणायचा, “डबा चांगला चालून राह्यला,” आणि डिंपलला खांद्यावर घेऊन तलावाकडे निघून जायचा. सिरोंच्याला तो पोरांना शिकवत होता की यंत्राची तपासणी करत जा. पंधरा महिन्यांत त्याने माझं झाकण एकदाही उघडलं नाही. आणि मनसारामभाऊ? देवानंद घरात असला की त्यांना नेमकं तलावावर काम निघायचं.

लच्छूचं तर नावच नको. हंगाम संपला, पाऊस आला आणि गेला, तरी तो फिरकला नाही. डिंपलच्या बारशालाही आला नाही. फोन केला की म्हणायचा, “आनतो भाऊजी, आनतो.” भाऊ बारशाला आला नाही म्हणून कुंताबाई त्या दिवशी चुलीपाशी बसून रडल्या.

मग दोन हजार सातचा उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमचं नशीब चांगलं. मे महिन्यात दुपारी हातपंपाच्या दांड्याला हात लावता येत नाही. घरोघरी कूलर असतात, मोठ्या पंख्याचे, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावलेले, आणि त्यावरून पाणी गळत असतं. एके दुपारी कुंताबाईंनी माझ्या झाकणाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“भाग्यश्री, हा तं तापानं फनफनून राह्यला! मुक्या जिवाचं कोन पाहीन? याले कूलरसमोर ठेव.”

“आत्याबाई, पानी उडते तिथी.”

“पान्यानं थंडच होते ना बाई?”

आणि मला कूलरसमोर ठेवलं. मित्रांनो, खिळ्याने पाडलेली साठ भोकं माझ्या अंगावर, आणि त्यांतून दिवसभर ओला वारा आत. त्यात आमच्या बोअरचं पाणी खारट. चार दिवसांत माझ्या तारांच्या टोकांवर पांढरं चढलं, आठवड्याने हिरवं. उरलेली हार्डडिस्क आधी अडखळू लागली, मग टक् टक् करू लागली. घरात तो आवाज कुणाला ऐकू येणार? कूलर जीपसारखा घरघरत होता. वीस-बावीस मे असेल, ती गप्प झाली. माझा हिरवा दिवा मात्र जळतच राहिला. त्या दिव्याचा मला फार राग येतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी नोटीस आली. बाहेरच्या एका ठेकेदाराने अर्ज केला होता की या तलावावर गावच्या संस्थेचा हक्क असल्याचा काही पुरावा नाही, तेव्हा तलावाचा लिलाव करावा. बारा जूनला चंद्रपूरला सुनावणी होती. संस्थेने जुना हुकूम दाखवायचा, किंवा निदान त्याचा क्रमांक आणि तारीख सांगायची, म्हणजे जुन्या दप्तरातून नक्कल शोधता येईल. क्रमांक नसेल तर शोधायचं कुठे?

संस्थेची माणसं आमच्या अंगणात जमली. मुखरू नावाचे म्हातारे गृहस्थ फार घाबरले होते. त्यांच्या घरात तलावाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

“काऊन घाबरता?” मनसारामभाऊ म्हणाले. “कागद हायेत ना.”

त्यांनी पेटी ओढली. पेटी इतकी हलकी आली की ते मागे पडता पडता राहिले. आत बेचाळीस कागदांच्या जागी मातीचं एक ढेकूळ होतं. हात लावला तर भुगा झाला. उधईने हुकूम खाल्ला होता, शिक्के खाल्ले होते, अंगठाही खाल्ला होता. मुखरूंनी तो भुगा ओंजळीत धरला.

आणि मनसारामभाऊ काय म्हणाले असतील? बरोबर. ते म्हणाले, “डब्यात आहे ना!”

भाग्यश्रीने पुढच्या खोलीत जाऊन तिच्या संगणकावरून मला हाक दिली. मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा दिली. मग ती धावत आली, माझ्यावरचं फुलाफुलांचं कापड काढलं आणि माझ्या अंगातून पाणी गळताना पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सिरोंच्याला फोन लावला.

देवानंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. पाणी न पिता त्याने माझ्यासमोर बैठक मारली. सगळे उभे होते. त्याने एक हार्डडिस्क काढली, हलवून पाहिली, बाजूला ठेवली. “ही गेली,” तो म्हणाला. “काई हरकत नाई. दुसरी हाय.” मग त्याने कागदात गुंडाळलेला तुकडा काढला आणि कागद सोडला.

“बाबा, हे काय हाय?”

“कवेलू,” मनसारामभाऊ म्हणाले.

देवानंदने तो तुकडा जमिनीवर ठेवला. मग मनसारामभाऊंनी सगळं सांगितलं, लच्छू, लग्नाचा हंगाम, जास्तीचं जाळं. सांगताना ते कवेलूकडेच पाहत होते. देवानंद वडिलांना कधी उलट बोललेला नव्हता. त्या दिवशी बोलला. “चाळीस घरं बुडवली तुमी,” असं तो म्हणाला, आणि मनसारामभाऊ उठून पाळीवर जाऊन बसले. मला वाटलं होतं, त्यांना कुणी तरी एकदा असं बोलावं. बोलल्यावर मात्र मला बरं वाटलं नाही. त्यांनी दोन वेळा जेवण घेतलं नाही.

लच्छूला फोन गेला. या वेळी कुंताबाईंनी केला. त्या एवढंच म्हणाल्या, “लच्छू, बहीन समजत असशीन तं उद्या ये.”

सकाळी लच्छू आला. दारातच उभा राहिला. त्याच्या एका हातात तांदळाचा लहान डबा होता आणि दुसऱ्या हातात दोरीला बांधलेली भली मोठी मरळ. मासा त्याने कुंताबाईंच्या पायापाशी ठेवला आणि तो बोलू लागला.

“देवानंद, मी काईच नाई केलं रे. घरी नेली, जोडली, तं संगनकाले ते वाचताच नाई आलं. मले म्हने हे सगळं साफ करू काय? मी भेलो. तशीच काढली अन् तांदळाच्या कोठीत ठेवून देल्ली. मले वाटलं माह्याच हातानं खराब झाली. तू कपडे नाई घेतले होते तिच्यासाठी, मले मालूम होतं. कोन्या तोंडानं येऊ?”

“एका लोखंडाच्या तुकड्यासाठी नातीचं बारसं सोडलं तू?” कुंताबाई म्हणाल्या.

देवानंदने डब्यातल्या तांदळातून हार्डडिस्क काढली. कोरडी, खडखडीत. त्याने भाग्यश्रीच्या एका संगणकाला माझी लिपी वाचायला शिकवलं आणि त्यात ती जोडली, कारण मी कामाचा उरलो नव्हतो. मी उघड्या पोटाने कोपऱ्यात पडलो होतो आणि तिथून पडदा दिसत होता. ती फिरू लागली. तिचा आवाज मी कुठेही ओळखला असता. आणि मग एकामागून एक कागद आले, पहिला, दुसरा, दहावा, बेचाळिसावा. देवानंदने हुकूम मोठा केला आणि क्रमांक मोठ्याने वाचला. भाग्यश्रीने तो तीन ठिकाणी लिहून घेतला. तिला आता कुणावरच विश्वास राहिला नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

मनसारामभाऊ दारातून म्हणाले, “माह्या बापाचा अंगठा हाय काय त्याच्यावर?”

देवानंदने तो अंगठा पडदाभर मोठा केला. मनसारामभाऊ जवळ आले, पडद्याच्या काचेवर आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतःच भांडं असल्यामुळे तो कुठे गेला नाही.

बारा जूनच्या सुनावणीत तो क्रमांक दिला गेला, जुन्या दप्तरात हुकुमाची नक्कल सापडली आणि ठेकेदाराचा अर्ज फेटाळला गेला. तलाव संस्थेकडेच राहिला. गावात ढोल वाजला. आणि मित्रांनो, मनसारामभाऊंनी चौकात काय सांगावं? “म्हून तं एक लच्छूजवळ देल्ली होती म्या. सगळं एका घरी ठेवाच नाई लागे.” लोकांनी माना डोलावल्या. मी पाच दिवस ज्या गोष्टीसाठी कंठशोष केला, ज्यापायी माझी वाचा गेली, तिचं श्रेय हा माणूस घेत होता! त्याहून संताप याचा की तो खरं बोलत होता. दुसरी हार्डडिस्क माझ्याच पोटात राहिली असती, तर कूलरने तिलाही खाल्लं असतं. मी मात्र कोपऱ्यातच पडून होतो.

ढोल थांबल्यावर तिसऱ्या दिवशी भाग्यश्रीने डिंपलचे फोटो शोधले. लच्छूने हार्डडिस्क नेली तेव्हा डिंपल जन्मलेली नव्हती. देवानंदने बिघडलेली हार्डडिस्क नागपूरला नेली, दोन दुकानांत दाखवली. दोन्हीकडे मान हलवली. पाळणा गेला, वरणभात गेला, ती चार पावलं गेली. पुढच्या खोलीचं दार लावून भाग्यश्री टायपिंग करत बसली, आणि त्या दिवशी कुणाचं काही टाईप करायचं नव्हतं. चौकातल्या गोष्टी त्यानंतर मनसारामभाऊंनी बंद केल्या.

पुढे देवानंदने माझ्यातल्या तारा बदलल्या, दोन हार्डडिस्क नव्या बसवल्या आणि माझा आवाज परत दिला. तिसरी एक घेतली, ती फिरती. दर महिन्याला मनसारामभाऊ ती ताज्या नकलेसह गमछ्यात गुंडाळतात, एसटीत मांडीवर घेऊन बसतात आणि आरमोरीला लच्छूच्या तांदळाच्या कोठीत ठेवून येतात. पुढच्या महिन्यात लच्छू ती परत आणतो, दरवेळी माशासकट. त्यामुळे मला आता कायमचा मासळीचा वास येतो. मी तक्रार करणं सोडून दिलं आहे. म्हणजे, जवळजवळ.

म्हणून सांगतो मित्रांनो, जे जपायचं आहे ते माझ्यासारख्या एकाच डब्यात टाकून निश्चिंत होऊ नका. एक नक्कल दुसऱ्याच्या घरी ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी झाकण उघडून पाहा, आणि तुमचं यंत्र ओरडत असेल तर आधी ते का ओरडतं आहे ते विचारा. आणि हात जोडून विनंती, म्हणजे मला हात असते तर जोडले असते, आम्हाला कूलरसमोर ठेवू नका.

डिंपल आता तीन वर्षांची आहे. परवा तिने आईला विचारलं, “मी लहान होती तवाचा फोटो दाखव ना.” भाग्यश्रीने माझ्यातलं ‘डिंपल पहिलं वर्ष’ नावाचं पाकीट उघडलं. नव्या हार्डडिस्कवरही तिने ते बनवून ठेवलं आहे, पण ते रिकामंच आहे. डिंपल कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. मनसारामभाऊ दारात जाळं सांधत होते. ते जाळं खाली ठेवून उठले, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पुढे केले आणि डुगडुगत चार पावलं चालून माझ्यापर्यंत आले. “अशी चालली होती तू,” ते म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या झाकणावर ठेवले.